बाहेरच्या बोर्डावरची वायर

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचा पुतण्याच्या घरी! माझं घर त्याच्या नावावर करून दिलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. खोली उजेडाची आहे; सोल्डरिंगची पेटी, लॅपटॉप, ऑक्सिजनचं मशीन, सगळं मावलं. नळीशिवाय दहा मिनिटंसुद्धा राहू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून मशीन यूपीएसवर. खोलीतला प्लग ढिला आहे, लॅपटॉपपुरता चालेल, असं म्हणून पुतण्याने यूपीएसची वायर भिंतीतून बाहेरच्या बोर्डावर नेली. काय सफाईदार हात चालतो त्याचा! शिकवलं कोणी? मीच, तो नऊ वर्षांचा असताना.

५ तारीख
यूपीएस लॅपटॉपला जोडला. सिस्टिमच्या पोटात कर्नल नावाचा कारभारी असतो. वीज गेली, आली, वायर निघाली, सगळं आधी त्याच्या कानावर जातं. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या या म्हाताऱ्याने लिहिलेला प्रोग्राम त्याच्या दाराशी बसून वेळेसकट नोंद ठेवतो. सूनबाई हसली, म्हणाली, काका, घरात आता चुगलखोर आला म्हणायचा! फक्त यूपीएसची पीं-पीं बंद करा म्हणाली, बाळ दचकतं. लगेच केली. बाळापुढे काय मोठं?

९ तारीख
नोंदी चाळल्या. काल मी दुपारी झोपलो असताना, दोन वाजून दहा मिनिटांनी, यूपीएसची वीज पाच मिनिटं गेली होती. आज त्याच वेळी दहा मिनिटं. लॅपटॉपच्या चार्जरची मात्र गेलेली नाही. पुतण्याला विचारलं. जुनी वायरिंग, काका, म्हणाला. तुम्ही खुशाल निजा.

११ तारीख
आज वीस मिनिटं. बॅटरी साठ टक्क्यांवर.
पाच, दहा, वीस. हा क्रम माझ्या ओळखीचा आहे. बॅटरी किती तग धरते ते बघायचं तर असाच प्लग काढायचा आणि उरलेले टक्के लिहून ठेवायचे. ही माझी पद्धत. शिकवली एकालाच.

१२ तारीख
मनाला लाज वाटली, तरी नळी पुरेल तिथवर बाहेर गेलो. बोर्डाशेजारी भिंतीवर पेन्सिलीने: ५–९०, १०–८०, २०–६०. पाचाची शेपटी उलटी. त्यावरून लहानपणी किती चिडवायचो त्याला.
खाली ५०–०. भोवती गोल.
फोन शोधला. दुरुस्तीला दिलाय म्हणे. त्याच्याशिवाय लॅपटॉपला नेटही नाही. ऑक्सिजनचा जादा सिलिंडरही भरायला नेलाय.

१३ तारीख
पुतण्याने माझी उशी सारखी केली. म्हणाला, काका, निवांत झोपा, आम्ही जरा बाहेर जाऊन येतो.

२:१० — प्लग निघाला. दार बाहेरून बंद. हाका मारल्या. बाळाचं रडणं जिन्यातून लांब गेलं. पण उतरली ती एकाचीच पावलं —

२:२० — मशीन खोलीतल्या प्लगमध्ये लावलं. चाललं! प्लग ढिला नव्हताच कधी. मोठ्याने हसलो.

२:२२ — पंखा थांबला. कारभारी सांगतोय, चार्जरची वीजही गेली. मेन स्विच पाडला. माझं हसणं ऐकलं त्याने. परत यूपीएसवर —

२:३२ — साठ. आकडा बरोबर आहे, पोरा. नीट शिकलास.

२:५९ — सहा. पीं-पीं नाही. मीच बंद —
दाराबाहेर, भिंतीवर, पेन्सिलीचा आवाज. तो लिहि