बचावपटूंच्या रविवारच्या जेवणावरील बंदी उठवणे

प्रति,
मा. लोरेटा ट्रेगेंबो,
क्रीडा संचालक,
ॲग्नेस बे महाविद्यालय,
ॲग्नेस बे, मिशिगन.

विषय : आइस हॉकी संघाच्या बचावपटूंना रविवारी माझ्या घरी सौना व जेवणासाठी येऊ देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा जानेवारीतील आदेश, जो खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारावर लावला आहे व ज्यात माझे नाव दोनदा आले आहे.

महोदया,

१. मी अर्विड नीमेला, जहाजांत खनिज भरण्याच्या धक्क्यावरून निवृत्त, राहणार जुन्या दीपगृहाच्या रस्त्यावर. माझी पत्नी लेम्पी नोव्हेंबरात वारली. हरणांच्या शिकारीचा तो पहिला आठवडा होता. गावातले सगळे पुरुष जंगलात होते, त्यामुळे शवपेटी उचलायला माणसे मिळेनात. तेव्हा आपल्या संघाचे सहा बचावपटू आले. त्याबद्दल महाविद्यालयाचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आधी मानतो.

२. बचावपटूच का, असे आपण विचाराल. दर रविवारी त्यांना जेवायला बोलावण्याची पद्धत लेम्पीने सुरू केली होती. आघाडीच्या मुलांना ती कधी बोलवत नसे. ती म्हणायची, "गोल करणाऱ्यांना गावात कुणीही ताट वाढतं. मागं उभं राहून मार खाणाऱ्यांना कोण विचारतं?" आम्हा फिनिश लोकांत तापल्या खोलीत वाफ घेण्याचा सौना शनिवारचा असतो. पण शनिवारी सामना असतो म्हणून तिने तो रविवारी नेला. तिची आई हयात असती तर हे घडले नसते.

३. लेम्पी गेल्यावर मीही ती पद्धत चालू ठेवली. मला एकच पदार्थ येतो, मांस-बटाटा भरून भाजलेली मैद्याची पेस्टी. मुलांनी तक्रार केली नाही. त्यानंतर जे झाले ते आदेशात थोडक्यात लिहिले आहे आणि थोडक्यात लिहिल्यामुळे फार वाईट दिसते. म्हणून सविस्तर लिहितो.

४. ब्रेडी हॉल्व्हर्सन हा नॉर्थ डकोटाचा मुलगा सौनाच्या वरच्या बाकावरून पडला व त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. त्या बाकावर तेव्हा चौघे बसले होते. लाकडे वाचावीत म्हणून सगळ्यांनी एकदमच बसावे असे मीच सुचवले होते. बाक माझ्या सासऱ्यांनी केला आहे. त्या काळी माणसे बारीक होती.

५. टाय मॅकेश्नी याचा पाय मोडला त्याची हकिकत वेगळी आहे. सौनातून निघून बर्फात उडी मारायची, हे आपल्यालाही ठाऊक आहे. टायने अंगणातल्या सगळ्यात उंच ढिगावर उडी मारली. त्या ढिगाखाली माझी होडी उलटी ठेवलेली होती. ती यंदा कुठे ओढून ठेवली हे मला आठवत नव्हते आणि तसे मी मुलांना जेवताना सांगितलेही होते. टाय पडल्या जागेवरून म्हणाला, "मिस्टर नीमेला, तुमची होडी सापडली."

दर शरद ऋतूत लेम्पी होडीजवळ एक काठी रोवायची आणि तिला लाल चिंधी बांधायची. लग्नापासून मी ती काठी पाहत आलो. मला वाटायचे, पक्ष्यांसाठी असेल. यंदा लेम्पी तेव्हा इस्पितळात होती, त्यामुळे काठी रोवली गेली नाही. कशासाठी होती ते मला टायचा पाय मोडल्यावर कळले.

६. लुकास बेलांजे याच्या बाबतीत मात्र आदेशात 'जखमी' असा शब्द आहे, तो चुकीचा आहे. लुकासला काहीही झाले नव्हते. तो चार पेस्ट्या खाऊन लेम्पीच्या खुर्चीत झोपला. त्या खेपेला परगावचा सामना सोमवारी होता व बस पहाटे निघणार होती, हे मला माहीत होते. पण त्या खुर्चीत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी बसले होते, म्हणून मी त्याला उठवले नाही. बस गेली.

७. तो सामना पाच बचावपटूंवर खेळावा लागला. प्रशिक्षक सांतोरी यांनी आघाडीचा एक मुलगा मागे ओढला. त्याला उलटे घसरत जायची सवय नाही, तो आपल्याच गोलरक्षकावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सांतोरी माझ्या दारात आले आणि आत न येता म्हणाले, "अर्विड, अरे बाबा, समोरचे संघ वर्षभर ठोकून जेवढी पोरं बाद करतात, तेवढी तू तीन रविवारांत झोपवलीस."

त्यांचा हिशेब मला मान्य आहे. संघात बचावपटू आठ. तीन जोड्या मैदानात आणि दोघे राखीव. त्यातही उजव्या हाताने खेळणारे दोघेच, आणि त्या दोघांतला एक म्हणजे टाय. सांतोरी म्हणाले, "डावखुरी पोरं या मुलुखात दगड उचलला की सापडतात. उजवा मिळायला नशीब लागतं, आणि ते तू होडीवर आपटलंस."

८. तरीही पुढील बाबींचा विचार व्हावा.

बंदी लागू झाल्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात आणखी एका बचावपटूच्या गुडघ्यावर पकची रबरी चकती बसली. तो त्या आठवड्यात माझ्याकडे आलेला नव्हता. म्हणजे मुले माझ्या घराशिवायही मोडतात.

ब्रेडी व टाय यांच्यावरही बंदी आहे, ती का, हे समजले नाही. ते तसेही खेळू शकत नाहीत. त्यांना माझ्याकडे पाठवल्याने संघाचे बळ कमी होण्याचा प्रश्न येत नाही. मी हे सांतोरींना सुचवले. ते म्हणाले, "भरत आलेलं हाड तुझ्याकडे पाठवू?" आणि फोन ठेवला.

घरात मी पुढीलप्रमाणे सुधारणा केल्या आहेत. वरच्या बाकाला लोखंडी टेकू लावले असून त्यावर यापुढे दोघेच बसतील. होडीजवळ काठी रोवली आहे. एकावर भरवसा नको म्हणून दुसऱ्या टोकालाही रोवली. बर्फात उडी मारण्याआधी तिथे मी स्वतः उडी मारून पाहीन. उरलेला एकमेव उजवा मुलगा सौनात जाणार नाही, तो स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलेल, तेही बोथट सुरीने. संध्याकाळी आठ वाजता मी कढई वाजवून सर्वांना उठवीन, मग ते कुठल्याही खुर्चीत असोत.

एवढ्यानेही समाधान होत नसेल तर एका वेळी दोघांनाच पाठवा. मात्र ते एकाच जोडीतले असावेत की वेगळ्या जोड्यांतले, याबद्दल माझ्यात व सांतोरी यांच्यात मतभेद आहेत. एकाच जोडीतले गेले तर एकच जोडी मोडेल, असे माझे म्हणणे. सांतोरी यांना 'मोडेल' हा शब्दच मान्य नाही.

९. आता खरे कारण लिहितो. ते आधी लिहायला हवे होते.

लेम्पीला अजून पुरलेले नाही. जमीन गोठली आहे, तिची पेटी दफनभूमीतल्या दगडी खोलीत आहे. मेमध्ये जमीन सैल झाली की तिला तिथून टेकडीवर न्यावे लागेल, आणि त्याला पुन्हा सहा जण लागतील. नोव्हेंबरात सांतोरी यांनीच माणसे लावली होती. डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. उजवे दोघेच, म्हणून सामन्यात करतात तसा एक डावा उजवीकडे घातला. तो चर्चच्या पायऱ्यांवर जरा अडखळला, पण त्याने सावरले. लेम्पीला हे आवडले असते. तिला त्याच मुलांनी न्यावे, असे मला वाटते.

अडचण अशी की मेच्या सुरुवातीला महाविद्यालय बंद होते आणि मुले आपापल्या गावी जातात. जमीन त्यानंतर सैल होते. थांबाल का, असे त्यांना विचारावे लागेल. हे फोनवर विचारण्यासारखे नाही. मी एकदा सरावाच्या वेळी बर्फ मैदानावर गेलो होतो. लुकास कठड्यापाशी घसरत आला आणि म्हणाला, "काय हवंय, मिस्टर नीमेला?" मी म्हणालो, "काही नाही, तुझा मफलर राहिला होता." मफलर माझाच होता. त्याने तो घेतला आणि आता रोज घालतो.

अशी गोष्ट टेबलाशी बसून, जेवण झाल्यावर, कॉफी ओतता ओतता विचारायची असते. लेम्पी मोठ्या गोष्टी तशाच विचारायची. मला त्यासाठी एक रविवार हवा आहे. जास्त मिळाले तर नको म्हणणार नाही. पेस्ट्या मला अजूनही आठ जणांच्याच करता येतात, कमी केल्या की मिठाचा अंदाज चुकतो.

१०. तरी बंदी उठवावी, ही विनंती. माझ्यावर विश्वास नसेल तर आपण स्वतः येत्या रविवारी चार वाजता येऊन बाक, होडी व काठ्या तपासाव्यात. घर आपल्याला ठाऊक आहे. आपण मुलींच्या संघात बचावाला खेळत होता तेव्हा दोन वर्षे आमच्याकडे जेवलात. ज्यांच्या पूर्वजांनी पेस्टी या भागात आणली त्या ट्रेगेंबो घराण्याची मुलगी पेस्टीवर केचप घालते याचे लेम्पीला फार वाईट वाटायचे, पण ती बाटली आणून ठेवायची. ती अजून फडताळात आहे. तारीख पाहिलेली नाही.

टायचा पाय मेपर्यंत भरेल असे डॉक्टर म्हणतात. ब्रेडीला खांद्यावर वजन घेता येईल की नाही, ते सांगत नाहीत. आपण डाव्या हाताने खेळायचात असे मला आठवते. एखादा कमी पडला तर राखीव म्हणून आपले नाव धरावे का, हे रविवारी आलात की सांगावे. कॉफी झाल्यावर सांगितले तरी चालेल.

आपला नम्र,
अर्विड नीमेला
ॲग्नेस बे, ४ फेब्रुवारी

सोबत :
१) टेकू लावलेल्या बाकाचे छायाचित्र. वर मी बसलो आहे.
२) दोन काठ्यांचे छायाचित्र. होडी बर्फाखाली असल्याने दिसत नाही.
३) पेस्ट्या दोन. एक सलगम घालून, एक न घालता. सांतोरींना देऊ नयेत.