राखेवरचं अंथरूण

४ नोव्हेंबर १९३८, वैशाखरे

आज चौथ्यांदा अंथरूण ओलं! श्रावणात सासूबाई माळ्यावरून पडल्या, तेव्हापासून निजून. लघवी कळतच नाही. पेंढा बदला, चुलीची राख पसरा, वर फडकं घाला! लग्नाला सात वर्षं झाली, दोरीवर कधी तान्ह्याचा लंगोट वाळला नाही — आणि आता हे!

शेजारची रंगू म्हणते, "राख ओल शोषते. भरपूर घाल." भादव्यात मी चार दिवस बाहेर बसले तेव्हा तिनंच त्यांचं सगळं केलं, म्हणून हे शहाणपण.

७ नोव्हेंबर

पाठीखालची कातडी लालभडक, दोन ठिकाणी सोललेली. "आग व्हते गो," म्हणतात. तापही आहे. लघवीला उग्र वास. मी आणखी राख घातली. संध्याकाळनंतर पाणी बंद — तेवढंच धुणं कमी.

८ नोव्हेंबर

ओढ्यावर राखेनं लुगडी घासत होते. बोटाच्या चिरेत राखेचं पाणी गेलं — आई गं! नुसती आग!

मळ खाणारी ही राख मी म्हातारीच्या उघड्या मांसाखाली पसरते आहे! धुणं टाकून पळत घरी आले. पेंढा राखेसकट उकिरड्यावर फेकला. कोमट पाण्यानं त्यांचं अंग धुताना रडले.

१० नोव्हेंबर

ह्यांनी बैलगाडीतून मुरबाडचे डॉक्टर आणले. वाटलं, राखेवरून ओरडतील. ओरडले पाण्यावरून! "पाणी तोडलंत, म्हणून आत घाण वाढली. तांब्यावर तांब्या पाजा. ओलं झालं की लगेच धुवा — पुढून मागे, उलट नाही. टिपून कोरडं करा, घासू नका. खोबरेल लावा. कूस बदलत राहा." औषधाची बाटली दिली.

११ नोव्हेंबर

तोंडच उघडत नाहीत! "पानी नको. तू धुऊन धुऊन मरशील गो." म्हणजे ही बाई माझ्यासाठी आधीपासूनच तहान मारत होती! डोकंच फिरलं माझं. "तुमी नाय प्यायल्या तर मीबी नाय पिणार!" म्हटलं, आणि भात झोडायला गेले.

दुपारी घशाला कोरड घेऊन परत आले. तांब्या रिकामा. जमीन चाचपून पाहिली — कोरडी. "हट्टी मेली," म्हणाल्या.

१६ नोव्हेंबर

ताप उतरला! जखमेवर गुलाबी कातडी धरते आहे.

२४ नोव्हेंबर

माझं मऊ जुनं लुगडं फाडलं. चौदा फडकी झाली. उकळून कडक उन्हात वाळवते. राखेला हात लावत नाही.

३० नोव्हेंबर

सकाळी हाक — "वत्सला, धाव! लागली!" मातीचा पसरट परळ खाली लावला. अंथरूण कोरडं! वेड्यासारखी हसत सुटले.

त्या म्हणाल्या, "मला चार फडकी पुरं. धा घडी करून ठेव."

"कशाला?"

"भादव्यानंतर माझं करायला रंगू आलीच नाय. आश्विनात नाय, कार्तिकात नाय. तू बाहेर बसलीच नायस गो!"