दोन बशा, एक खोकला

तैब,

बाबांचं हरीरा सूप चुलीवर आहे. वरून मीठ मागतील, देऊ नकोस. दोन वर्षं झाली, त्यांना खारट-तिखट काहीच कळत नाही. हे तुला ठाऊक नव्हतं, बाजारालाही नाही. गिऱ्हाइकासमोर ते मसाला जिभेवर ठेवायचे आणि मी मागे उभी असायचे. माल चांगला असला की गप्प, शिळा असला की एक खोकला. त्या खोकल्यावर दुकान चाललं.

काल फेस शहरातल्या सगळ्या व्यापाऱ्यांसमोर त्यांनी आपण दोघांनी आपापला वाटलेला रास अल हानूत मसाला चाखला. ज्याचा सरस, त्याचं दुकान. माझ्या बशीला मी गप्प राहिले. तुझ्या बशीत जिरं गेल्या सालचं, जायफळाला वासच नाही. मी खोकले. चांगली मोठ्यांदा खोकले. तरी म्हणाले, "माझ्या लेकाच्या हाताला चव आहे."

मी मेकनेसला मावशीकडे जातेय. उद्यापासून मागे तू उभा राहा. आधी शिळं-ताजं ओळखायला शीक मात्र.

आणि ‘चव लागली नाही म्हणून चुकले बिचारे’ असं मला समजवायला येऊ नकोस. जीभ गेलीय त्यांची. कान शाबूत आहेत.

घीता