मालक कोण?

तीर्थस्वरूप आक्कास,

कामतघरहून कमळीचा पिठाच्या हातांनी वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? गावदेवीच्या कृपेने आम्ही ठीक. (फोनच केला असता, पण तो ह्यांच्या खिशात असतो. कागद म्हणून ही लग्नपत्रिकेची कोरी पाठ. पुढे गणपती आहे, पाय लावू नकोस.)

सोमवारी सरकारी पाहणीवाली पोरगी आली, पूर्वा नावाची. देशात कोण काय काम करतं ते मोजतात म्हणे, घरबसल्या धंदा करणारेसुद्धा. मी लग्नातल्या हळदी समारंभाच्या भाकऱ्यांची ऑर्डर होती, तिची उकड मळत होते. काम करता का? म्हटलं, छे, घरीच असते. ती परातीकडे बघतच राहिली. मग या कामाचे मालक कोण? आता मालक म्हणजे आपल्यात कोण असतं! नाव कसं घ्यायचं? उखाण्यात घेतलं: "परातीत उकड, तव्यावर भाकरी, बाळारामांच्या घरी करते मी चाकरी!" (यमक जुळलं म्हणून गं.) तिने ती चाकरी टॅबवर टिपली. पगार? नाही. रजा? माहेरी गेले की. कधीपासून? लग्न झाल्यापासून. पोरगी घाबरली. "मावशी, ही तर वेठबिगारी!"

तेवढ्यात हे देवळातून आले. तिने दरडावलं, "तुमच्याकडे किती बायका आहेत?" ह्यांच्या हातातला प्रसाद सांडला. "एकच हाय बाय, तीपण जुनी!"

आक्का, ह्यांचं कापडाच्या लूमवरचं काम बंद झाल्यापासून घर भाकऱ्यांवर चालतं, पण ते मी चारचौघांत कधी बोलले नाही. ह्यांची मान खाली जायला नको. तर हेच पायरीवर बसून म्हणाले, "मालक मी न्हाय. धंदा हिचा. मी पीठ आणतो, भाकऱ्या पोचवतो. लिव तसं." मला असं भरून आलं की पुढच्या आधणात मीठ दोनदा पडलं. (फेकून दिलं नाही. त्या भाकऱ्या आम्हीच खाल्ल्या.)

पूर्वाने खोडून लिहिलं: माझा स्वतःचा धंदा, हे बिनपगारी मदतनीस. देवापुढे साखर ठेवली. तुझेही उपकार, भाकरी हातावर थापायला तूच शिकवलीस.

तुझी,
कमळी

ता. क. मदतनीस झाल्यापासून हे आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेतात, ऐन लग्नसराईत! तेव्हा भावोजींना चार दिवस पाठव. जेवण देईन. पगाराचं विचारू नकोस.

ता. क. दुसरा: निरोप देताना ह्यांनी बोलावलंय म्हणू नकोस, मालकिणीने बोलावलंय म्हण. (एवढं ह्यांना वाचून दाखवलं. हसले, आणि सुट्टी असून पीठ चाळायला बसले. तरी भावोजींना पाठवच.)