सैतानाच्या तोंडी तुमचा आवाज

बाबा, सध्या मी कॉलेजात सैतान शिकवते आहे. हसू नका, खरंच. एका जुन्या अभिजात नाटकातला, विद्वानाशी करार करणारा सैतान. तोच, जो तुम्ही इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात रंगवला होतात. मनोविश्लेषणवाले म्हणतात, मूल आपल्या बापाचे मनातल्या मनात दोन तुकडे करतं. प्रेमाचा तुकडा देव होतो, भीतीचा सैतान. हे सांगून झालं तर पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मैम, आपको अपने पापा से डर लगता था?" मी म्हटलं, "बिल्कुल नहीं." आणि बोलता बोलताच माझ्या अंगावर काटा आला.

तुमची कसली भीती वाटणार हो? ऑफिसातून आलात की चपला काढता काढता "चहा टाकतेस का गं?" असं आईला हळूच विचारणारे तुम्ही. सैतान व्हायला कुणी तयार होईना, म्हणून ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात ती भूमिका पडली. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तुम्ही विकट हसण्याची तालीम करायचात आणि आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अहो, सैतान ना तुम्ही? रजेचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभे राहिल्यासारखे काय हसताय!"

नाटकाच्या दिवशी मी अगदी पुढे सतरंजीवर बसले आहे. तुमचा चेहरा लालभडक, भुवया काजळाने वर ओढलेल्या, आणि आवाज असा की शेजारचं बाळ भोकाड पसरतं. शेवटी विद्वान विचारतो, "आता तू कुठे जाणार?" यावर तुम्ही गडगडाटी हसून विंगेत जायचं असतं. तुम्ही हसत नाही.  मग चहा मागायच्या त्या हळू आवाजात म्हणता, "घरी नको. घरी नाही जायचं मला." लोक टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही.

प्रमुख पाहुणे, कुणी बडे साहेब, उशिरा आले म्हणून आरती नाटकानंतर ठेवली होती. रंग पुसायलाही कुणी वेळ दिला नाही. त्याच लाल तोंडाने, डोळे मिटून तुम्ही आरती म्हणालात आणि आमच्याबरोबर मुकाट्याने घरी आलात. "संवाद विसरले गं ते," आई म्हणाली. सकाळी पोहे खाताना तुमच्या कानामागे लाल रंग राहिला होता. मला तो पुसायचा होता, पण बोट लावायचा धीर झाला नाही.

ज्या विद्येवर मी पोट भरते ती म्हणते, चुकून निसटतं तेच दडवलेलं असतं, आणि तोंडाला रंग असला की ते बिनधास्त निसटतं. मग बाबा, आम्ही तुम्हाला नकोसे होतो का? मला एवढंच विचारायचं आहे. त्यानंतर तुम्ही एक दिवसही घरी यायला उशीर केला नाहीत, अगदी मरेपर्यंत. पूर्वी याचं कौतुक वाटायचं. आता मनात येतं, रोज संध्याकाळी दारात येऊन उभं राहायचं ते कोण होतं? आई जिच्याकडे बघून हसायची ती कुणाची सावली होती? मी आईला विचारलं नाही. तिला कशाला छळू?

हे पत्र कुठे पाठवणार, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. परवाचं मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. मेट्रोत बसले होते. लेकीचा मेसेज आला, "आई, कधी येतेस? जल्दी ये ना." तिच्यावर माझा जीव आहे, तुम्ही तिला पाहिलं असतंत तर कळलं असतं. मयूर विहार, माझं उतरायचं स्टेशन आलं, दारं उघडली. मी उठले नाही. दारं मिटली आणि मी पार शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून राहिले, आणि इतकं हलकं वाटलं, बाबा, की मलाच माझी भीती वाटली. घरी सांगितलं, डोळा लागला होता. लागला नव्हता.