बारा सेकंदांच्या आधी

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून तू काळजीत असशील. तो बंद करून कपाटात टॉवेलांखाली ठेवला आहे. चार दिवसांत अनोळखी माणसांनी इतक्या शिव्या दिल्या की त्यातल्या काही मला समजल्याही नाहीत. आता पत्रच.

ती फिल्म तू पाहिलीच असशील, सगळ्यांनी पाहिली. झालं ते असं. शनिवारी तलावावर माझा लहान मुलांचा पोहण्याचा वर्ग चालू होता. सात वर्षांची एक मुलगी दोराखालून खोल बाजूला गेली आणि गटांगळ्या खायला लागली. मी उडी मारली. हाताला केसच लागले. केसांना धरून ओढली, काठावर पालथी घातली, पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा पोटातलं पाणी बाहेर आलं. तिची आई वर गॅलरीतून शूटिंग करत होती. तिनं त्यातले बारा सेकंद सगळे फोटो टाकतात त्या साइटवर टाकले. केस, थापट्या आणि रडणारी पोर. वर लिहिलं, असल्या राक्षसाच्या हाती आपली मुलं देताय? ही बाई घरी केक बनवून त्याच साइटवर विकते, त्यामुळे तिचं ऐकणारे हजारो. सोमवारी मॅनेजरनं माझी शिट्टी आणि किल्ल्या काढून घेतल्या. चौकशी होईपर्यंत फिरकू नका म्हणाला.

तू मात्र काही करू नकोस. भाऊजींना नमस्कार. लोकांचं ऐकून माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
धाकटा

२३ फेब्रुवारी

चि. बेडकास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. काही करू नकोस, हे वाक्य मला लागलंच नाही असं समज. तुझे भाऊजी म्हणाले, जरा थंड घे. मी म्हटलं, थंड व्हायला मी काय चहा आहे?

तिनं माझ्या भावाच्या पोटावर पाय दिला. मी तिला सुखानं झोपू देणार नाही. बावीस वर्षं चष्म्याच्या काचा घासते आहे, केसाएवढा चरा मला दिसतो. ती फिल्म मी ऐंशी वेळा तरी पाहिली. कोपऱ्यात लाल शर्टातला एक माणूसही फोन धरून उभा आहे. साइटवर तुमच्या तलावावरच्या पालकांचा ग्रुप आहे, तिथं शिरून विचारलं. तो बदली होऊन दुसऱ्या देशात गेलाय, ना नाव माहीत ना पत्ता, तरी दोन दिवसांत हाताला लागला. या साइटला मी कितीही नावं ठेवली तरी तिच्याशिवाय हा माणूस सात जन्मांत सापडला नसता. तो स्वतःच्या मुलाचं शूटिंग करत होता आणि त्यात सगळं आलंय.

आता नीट वाच. मुलगी आपणहून गेलेली नाही. आई वरून हातानं बोलावते आहे. इकडे ये, अजून इकडे, म्हणजे फोनमध्ये छान दिसशील. पोर हसत हसत दोराखालून जाते.

फोन बाहेर काढ. फिल्म पाठवली आहे, तुझ्या हातानं टाक. मुलीचा चेहरा तेवढा झाक, आईचा मुळीच झाकू नकोस.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, त्यांच्या जोडीला मीही आहे.

ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टाकली. दोन दिवसांत तीन लाख लोकांनी पाहिली. मला फाशी द्या म्हणणारे आता मला देवमाणूस म्हणतात. तीच माणसं, नावं पाठ झाली आहेत.

बाईची पुरती जिरली. लोक तिला विचारतात, केकमध्ये पोरीचे अश्रू घालतेस का? ऑर्डरी पटापट रद्द झाल्या. मी सकाळी दात घासताना वाचतो, जेवताना वाचतो, घास जास्त गोड लागतो. परवा मुद्दाम तिच्या घरावरून गेलो. पडदे ओढलेले, दारावरची केकची पाटी काढलेली. फिल्म काढून टाका म्हणून तिनं दोनदा मेसेज करून विनवलं. उत्तर दिलं नाही, पण मी वाचलंय हे तिला दिसेल एवढी काळजी घेतली.

नोकरी परत मिळाली. मुलीचा चेहरा झाकायचा राहिला. खरं सांगायचं तर झाकला असता तर एवढा परिणाम झाला नसता.

तुझे उपकार फिटायचे नाहीत. अशीच पाठीशी राहा.

धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि अक्षर तुझंच आहे ना ते पाहिलं.

ग्रुपवर कळलं ते सांगते. शाळेतली मुलं त्या पोरीला विचारतात, फोटोसाठी तुझी आई तुला गच्चीवरूनही ढकलेल का? पोर आठवडाभर शाळेत गेलेली नाही. आईला केस विंचरू देत नाही. आई जवळ आली की टेबलाखाली जाऊन बसते.

काडी मीच लावली, हे मला मान्य आहे. त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण आपलं वैर तिच्याशी होतं. पोरीचा चेहरा झाक म्हणून मी बजावलं होतं. फिल्म काढ. आजच काढ.

रागावले आहे, तरी मोठी बहीण आहे, हे धरून चाल.

ताई

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी फिल्म काढली. लोकांनी ती केव्हाच उतरवून घेतली होती, अजून फिरते आहे.

गुरुवारी बाई तलावावर आली. मी वर्ग संपेपर्यंत थांबायला सांगितलं. तासभर ती ओल्या फरशीवर भिंतीशी उभी होती, येणारे-जाणारे पालक बघत होते. खुर्ची होती, मी दिली नाही. मला बरं वाटत होतं. नंतर तिनं फिल्मचा विषयही काढला नाही. म्हणाली, मी मुद्दाम केलं नाही, एवढं माझ्या मुलीला सांगा. माझ्यावर तिचा विश्वास नाही. तुम्ही तिला बाहेर काढलंत, तुमचं ऐकेल. मी नाही म्हणालो. ती गेली. दुसऱ्या दिवशी मीच तिच्या घरी गेलो.

पोर टेबलाखाली केकच्या रिकाम्या खोक्यांत बसली होती. मीही फरशीवर बसलो. तिनं विचारलं, आईनं मला बोलावलं होतं का? मी हो म्हणालो. मग तिनं विचारलं, सर, तुम्ही मला का नाही थांबवलं?

ताई, हे मला मॅनेजरनं विचारलं नाही, तीन लाख लोकांनी विचारलं नाही, तूही नाही. मी फोनमध्ये बघत होतो. आदल्या दिवशी आमच्या चमूचा चषक घेतलेला फोटो टाकला होता, तो किती जणांना आवडला ते बघत होतो. आरडाओरडा ऐकून मान वर केली. लाल शर्टवाल्याच्या फिल्ममध्ये मी उडी मारताना दिसतो, त्याआधी काय करत होतो ते दिसत नाही.

पोरीला सांगितलं की पाणी किती खोल आहे ते आईला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि माझं लक्ष नव्हतं. आई दारात उभी राहून ऐकत होती. चार दिवस झाले, माझी ही कबुली तिनं अजून कुठे टाकलेली नाही. रोज सकाळी मी बघतो.

तिच्यावरचा राग गेलेला नाही. उद्या मॅनेजरला सगळं सांगणार आहे. हे पत्र आजच पेटीत टाकतो, म्हणजे उद्या पाय मागे घेता येणार नाही.

वाचून लोभ उरला तर दोन ओळी लिही.

धाकटा