उसन्या हॉलातले रविवार

रविवार, १ सप्टेंबर

आज लेक फोटो काढायला विसरली! शाळेच्या हॉलात शिरलं की आधी फोटो, मगच सामानाला हात लावायचा — आमच्या चर्चच्या मंडळीचा नियम. उपासना संपली की फोटो बघून सगळं होतं तसं परत मांडायचं. सोमवारी शाळेला आमचा मागमूस लागता कामा नये. हे काम आमच्या घराकडे.

मग काय, आठवेल तसं! टेबल टेनिसचं टेबल खिडकीशी होतं — मी. "छे, जिन्याशी!" — हे. लेक म्हणे, "दोघंही ठार चुकताय!" ते टेबल आम्ही हॉलभर फिरवलं. शेवटी हे मटकन खालीच बसले आणि हसत सुटले. पोट धरून! यांचं हसणं ऐकून किती काळ लोटला होता. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

घरी आल्यावर हे नेहमीसारखे आपल्या खोलीत.

सोमवार, २

जेवायला तिघं, फोन तीन. "मीठ जास्त झालंय का?" विचारलं. "हं." झालं होतं की नव्हतं, देव जाणे.

बुधवार, ४

शाळेतून आमच्या चर्चच्या पाळकांना फोन. आम्ही ठेवलेलं टेबल सामानाच्या खोलीच्या दाराला आडवं आलं. दार उघडेना, मुलं ताटकळली, शिपाई भडकला. पाळक मला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "किती दिवस दुसऱ्याच्या जागेत राहायचं, ताई?" रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रविवार, ८

जाहीर झालं. एका बंद पडलेल्या दुकानाचा वरचा मजला मिळतोय. कायमचा! बाकं जमिनीत पक्की, स्पीकर भिंतीत बसवलेले, झाडलोटीला माणूस. पुढच्या रविवारी हात वर करून मत घ्यायचं. पाळक आमच्याकडे बघून म्हणाले, "या कुटुंबाने फार ओझी वाहिली. आता यांना सुट्टी!" टाळ्या पडल्या.

लोकांना वाटतं आम्ही राबतो. अहो, रविवारी सकाळीच तर आम्ही एकमेकांशी बोलतो! "जरा उचल." "बोट सांभाळ." "तुझी बाजू खाली गेली." प्रेमाच्या गप्पा नव्हेत, पण माझ्या तोंडाकडे बघून बोललेलं असतं. खुर्च्या मांडून झाल्या की संपलं. हे मागे साउंडच्या टेबलाशी, लेक लहान मुलांच्या वर्गात आणि मी पहिल्या रांगेत — तिथे दुसरं कुणी बसत नाही म्हणून. आमच्यात तेवढं ओझंच उरलंय. तेही काढून घेणार. मला फार एकटं वाटतंय.

शनिवार, १४

लेकीला म्हटलं, नव्या जागेत आपण तिघं शेजारी बसू. ती म्हणाली, "आई, तिकडे काम नसेल तर मी कशाला येऊ?"

ठरलं. उद्या विरोधात हात वर करायचा. कारण विचारलं तर? मला खुर्च्या उचलायच्यात, असं सांगू? हसतील लोक. हसू देत.

रविवार, १५

नाही जमलं. पाळकांनी विचारलं, "कुणाची हरकत?" आणि माझा हात मांडीवरून हलेना. पहिली रांग, सगळ्या मंडळीची नजर पाठीवर. पाळक जरा थांबले. मला वाटलं, माझ्यासाठीच थांबलेत. तरी हलले नाही. मग म्हणाले, "मंजूर." भित्री कुठली मी!

परतताना गाडीत हे गप्प. मीही गप्प. लेकीच्या कानांत हेडफोन.

सोमवार, १६

पाळकांच्या बायकोचा फोन. "ताई, घरात कुणी आमच्यावर नाराज आहे का हो?" मला काही कळेचना.

"नाही, काल विरोधात एकच हात वर होता ना — तुमच्या मिस्टरांचा. किती वेळ तसाच धरून उभे होते! तुम्ही पुढे होतात, दिसलं नसेल."